पाद्रीसाहेबांची उजवीकडून शिवलेली रोजनिशी

सांगली, मंगळवार

मामू आणि उस्ताद, दोन्ही नात्यांनी सलाम.

वडूजला सगळे खुशाल असतील. मुमानींचे गुडघे कसे आहेत? इकडे घरी शकिला बरी आहे. मी मात्र बाइंडिंगात घोळ घालून बसलोय, आणि तोही तुमच्याच शिकवणीमुळे (रागावू नका, पुढं वाचा).

इथं पाद्री घडवणारी एक जुनी शाळा आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथं मॅक्रे नावाचे पाद्री शिकवायचे. ते कॅल्विनच्या मताचे, म्हणजे कोणाचं काय होणार हे देवानं आधीच ठरवलंय असं मानणारे. (आपण तकदीर म्हणून गप्प बसतो, ते त्यावर परीक्षा घ्यायचे.) त्यांची मराठी रोजनिशी माझ्याकडं बांधायला आली. जन्मभर उजवीकडून उघडणारं कुराण आणि उर्दू किताबी बांधलेला हात, सवयीनं चालला आणि पाठ उजवीकडं शिवून मोकळा झाला. आता मराठी माणसानं उघडली की आधी साहेबांचं शेवटचं आजारपण, मग म्हातारपण, मग तरुणपण. ग्रंथपाल चारुशीलाबाई भडकल्या. मी म्हटलं, बाई, साहेबांच्या मतानं माझी चूकही आधीच ठरलेली, मग मला का बोलता? त्या आणखी भडकल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण कपाटात कुलूपबंद ठेवलेली रोजनिशी रोज दुपारी टेबलावर उघडी सापडायला लागली, रोज एक पान मागं. पहिला महिना रिकाम्या खोलीत खोकला आणि काठीचा आवाज यायचा. मग खोकला थांबला. मग काठीही थांबली. शिपाई गुंडा म्हणाला, "आवं, म्हातारा दिसागनिक तरणा व्हत चाललाय." गुंडा घेतो थोडी, म्हणून मी स्वतःच जाऊन बसायला लागलो.

काल साताऱ्याचं पान उघडं होतं. त्यांची लिली, सहा वर्षांची, पटकीनं गेली. एवढंच लिहिलंय, आणि खाली शाई फुटलीय. आज ते पान उलटलेलं होतं, आणि खोलीत दोघांची पावलं होती, त्यातली एक लहान. पोरगी काहीतरी गुणगुणत होती. मामू, मी लय भ्यालो, पण उठवेना.

तुमचा,
रमजान

ता. क. चारुशीलाबाईंनी रोजनिशी उसवून सरळ शिवायला शुक्रवारची मुदत दिलीय. त्या तुम्हाला फोन करतील. सांगा, पावसाळी हवेत शिवण उसवली तर कागद फाटतो, दिवाळीपर्यंत थांबा. खोटं आहे, पण उस्तादाचा शब्द त्या मानतील.

आणखी एक. दिवाळीच का, तर मी पानं मोजली. लिलीच्या जन्माच्या पानापर्यंत एकसष्ट आहेत. त्याच्या मागं ती नाहीच. तेवढे दिवस साहेबांना मिळू देत.