जावक क्रमांक ४१२

बीड,
दि. ९ फेब्रुवारी २००३

॥ ॐ नमः शिवाय ॥

तीर्थरूप सौ. गंगासागरअक्कास,
धाकट्या महारुद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. पोस्टाने त्याचा पार चुरा केला होता; केशरने तो चिमटी चिमटीने दोन दिवसांत संपवला, मला वाटीचा तळ दाखवला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हल्ली काम कमी आणि थकवा जास्त अशी गत आहे.

आमचा डेपो एकतीस मार्चला बंद होणार. पशुखाद्याची आमची कंपनी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने घेतली, हे दिवाळीत बोललोच होतो. आता फर्मान आलंय की कॉम्प्युटर रिकामे करून परत पाठवा, जुन्या ई-मेल एकतिसाला कायमच्या पुसल्या जातील. सत्तावीस वर्षं मी इथं आवक-जावक सांभाळली, कागदाचा कपटा हरवू दिला नाही, आणि मला सांगतात पुसून टाका. मी त्या सगळ्या घरी आणतोय. शिवानीच्या शिक्षणासाठी जुना कॉम्प्युटर घेतला होता ना, त्यावर महिन्यावार कप्पे करून ठेवतोय. रोज डब्याच्या पिशवीतून सहा फ्लॉप्या न्यायच्या, भरून आणायच्या, घरी उतरवून रिकाम्या करायच्या. सहातली एक तरी दगा देतेच. केशर म्हणते, ऑफिस आणता ते आणा, पण डबा विसरून येऊ नका.

हा खटाटोप कशासाठी ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे दाजींना वाचून दाखवता येईल. २००१ च्या कार्तिकात डेपोत पुण्याहून जी पोती आली, ती आतून ओली होती. हात घातला तर काळे गोळे लागले. मी पुण्याच्या हेड ऑफिसला ई-मेल लिहिली की हा माल थांबवा. त्यांनी थांबवला नाही, उत्तरही दिलं नाही. सहा दिवसांनी तोच माल आष्टीला दाजींच्या दुकानात गेला आणि नऊ जनावरं दगावली. लोकांनी दाजींना भेसळवाला ठरवलं. ती ई-मेल दाखवली की माल दुकानात येण्याआधीच खराब होता हे सिद्ध होतं. नोकरीच्या भीतीने आजवर ती बाहेर काढली नाही; आता सापडली की छापून पाठवतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
महारुद्र

———

आष्टी,
दि. १८ फेब्रुवारी २००३

॥ श्री ॥

चि. महारुद्र यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन करणार होते, पण आमचा फोन दुकानात, आणि मी बोलायला लागले की चार गिऱ्हाइकं कान देऊन उभी राहतात. आता गिऱ्हाइकंही चारच उरलीत म्हणा. पत्रच बरं.

तू लहानपणी बसची तिकिटं साठवायचास, आता टपालं साठवतोस. केशरला म्हणावं, या माणसाच्या गळ्यात माळ घातलीस तेव्हाच तुला कळायला हवं होतं. पण यावेळी मी तुला हसणार नाही. हे दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. सकाळी फळी उघडतात, गादीवर बसतात, संध्याकाळी फळी लावतात. पूर्वी समोरच्या बाकावर माणसं हलायची नाहीत. सव्वा वर्ष झालं, तो बाक रिकामा आहे. मी एकदा तो आत घेऊ का म्हणून विचारलं, तर राहू दे म्हणाले.

शिवरात्रीच्या तयारीला देवळात गेले तर छबुबाई भेटली. एकटी बाई, तिची एकच म्हैस होती आणि ती आपल्याकडच्या पोत्याने गेली. आता ती दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढते. ती माझ्याशी भांडली असती तरी बरं वाटलं असतं. तिने फक्त बाजूला होऊन मला वाट दिली.

एक चांगली बातमी. सुंदरराव, दूध सोसायटीचे चेअरमन, त्यांचीही दोन जनावरं गेलीत, ते स्वतः यांना म्हणाले की तुमच्या मेव्हण्याचा तो कागद आणा, सहा एप्रिलच्या सभेत सगळ्यांसमोर वाचू आणि हा विषय मिटवू. तेव्हा आता ढिलाई नको.

डोळ्यांना जप. आमच्यावर माया आहे ती आहे तशी ठेव.

तुझी अक्का,
गंगासागर

———

बीड,
दि. १२ मार्च २००३

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

अक्का, ई-मेल सापडत नाही.

ऑफिसातल्या सगळ्या उतरवून झाल्या. एकेक उघडून पाहिली. सुतळीच्या मागणीचीही आहे, पंखा दुरुस्त करा म्हणून लिहिलेल्या तीनही आहेत. नोव्हेंबर २००१ च्या पाठवलेल्या ई-मेलमध्ये एकोणीस आहेत आणि त्यांत तीच नाही. माझ्या जावक रजिस्टरात मात्र माझ्या हातची नोंद आहे: क्रमांक ४१२, दि. २८ नोव्हेंबर २००१, विषय, ओल्या मालाबाबत. तुला माहीत आहे, मी ई-मेललाही कागदासारखा जावक क्रमांक घालतो. पुण्याची पोरं त्यावर हसायची. आज तोच क्रमांक कामाला आला.

नोंद आहे आणि ई-मेल नाही, म्हणजे कुणीतरी ती काढली. हेड ऑफिसला आमच्या टपालात हात घालता येत असणारच. जनावरं मेल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं असणार. अक्का, मला फार राग आला आहे आणि राग करायलाही आता दम लागतो. इकडे खुर्च्या विकायला काढल्यात. मी ज्या खुर्चीवर बसून लिहितो तिच्यावर कालपासून कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी लावलीय.

शोधतोय. दाजींना एवढ्यात काही सांगू नकोस. थोडा धीर आणि थोडा लोभ, दोन्ही माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुझा,
महारुद्र

———

आष्टी,
दि. १९ मार्च २००३

॥ श्री ॥

चि. महारुद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र यांच्या हाती लागू दिलं नाही. सभेला अठरा दिवस उरलेत. मला तुझ्या मशीनमधलं कळत नाही, पण एवढं कळतं की काय लिहिलं होतं ते तुझ्या डोक्यात आहे. मग पुन्हा लिही, तीच तारीख घाल आणि छाप. खोटं त्यात काय आहे? तू लिहिलं होतंसच. मुलं नाहीत का हरवलेल्या मार्कलिस्टची दुसरी प्रत काढून आणत?

मला उपदेश करू नकोस. तुला रोज तो रिकामा बाक पाहावा लागत नाही.

राग धरू नकोस. पण कागद पाठव.

अक्का

———

बीड,
दि. २७ मार्च २००३

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कागद जोडला आहे. तो मी पुन्हा लिहिलेला नाही, त्या दिवशीचाच आहे. पण हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय तो दाजींच्या हाती देऊ नकोस.

घरचा कॉम्प्युटर भरत आला म्हणून जागा करायला बसलो होतो. शिवानी म्हणाली, अप्पा, तुम्ही ऑफिसचंच चाळताय, घरी लिहिलेलं कधी पाहिलंत? अर्धवट लिहिलेल्या पत्रांचा, मसुद्यांचा, एक कप्पा असतो तो तिने उघडला. आत एकच ई-मेल होती. जा. क्र. ४१२.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी ऑफिसचा फोन बंद होता म्हणून मी संध्याकाळी घरी बसून लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला पौर्णिमेसाठी कपिलधारला निघायचं होतं, म्हणून जावक रजिस्टरही घरी आणलं होतं. आधी नोंद केली, क्रमांक घेतला, मग ई-मेलच्या माथ्यावर तो क्रमांक घातला. पाठवायला गेलो तर इंटरनेटचे तास संपलेले. परत आल्यावर पाठवू म्हणून ती तशीच ठेवली. तीन दिवस भजनात, पाण्याच्या धारेखाली डोकं रिकामं झालं. परत आलो, रजिस्टर उघडलं, ४१२ समोर दिसला. सत्तावीस वर्षं माझ्या लेखी क्रमांक पडला की कागद गेला. मी पुढचा ४१३ टाकला.

ती कधी गेलीच नाही, अक्का. पुण्यात कुणी ती दाबली नाही, कुणी काढली नाही. मी सव्वा वर्ष त्या लोकांना शिव्या दिल्या. चार डिसेंबरला आष्टीचा ट्रक भरताना मी तिथं उभा होतो आणि मनात म्हणत होतो, मी कळवलंय, आता त्यांचं ते पाहून घेतील. एक शब्द बोललो असतो तर हमालांनी पोती खाली ठेवली असती.

कागद छापला की तो गेला होता की नव्हता हे त्यावरून कळत नाही. तारीख आहे, क्रमांक आहे, माझं नाव आहे. तू म्हणतेस तसं नुसता तो वाचला तर दाजीही सुटतील आणि मीही सुटेन. दोन दिवस मी याच विचारात काढले. ही ई-मेल जगात माझ्या घराखेरीज कुठंही नाही. मी ती पुसली असती तरी कुणाला कळलं नसतं. पुसवली नाही, आणि खोटं सांगून दाखवण्याची ताकदही राहिली नाही.

दाजींना दोन्ही दे, कागदही आणि हे पत्रही. सभेत काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. माझ्यामुळे त्यांनी सोसलंय. ते जे ठरवतील ते मला मान्य आहे.

या पत्राखाली लोभ मागायचा मला धीर होत नाही. उरला असेल तर कळव.

महारुद्र

———

आष्टी,
दि. ८ एप्रिल २००३

॥ श्री ॥

चि. महारुद्र यास,
अक्काचे आशीर्वाद. ते उरायचा प्रश्नच नाही, वेड्या.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले की पोळ्या करपल्या. यांच्यासमोर ते ठेवलं. हे दोनदा वाचून उठले आणि गोठ्यात वैरण टाकायला गेले. आत आल्यावर एवढंच म्हणाले की महारुद्रने दुसरा कागद पाठवायला नको होता. रागाने म्हणाले की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा सभा झाली. आम्ही बायका खिडकीपाशी बसलो होतो. यांच्या खिशात दोन्ही होते, पण यांनी फक्त छापलेला कागद काढला. सुंदररावांनी तो मोठ्याने वाचला. ओली पोती, काळे गोळे, माल थांबवावा ही विनंती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. राधाकिशन वाणी, ज्याने आपलं नाव बाजारात सगळ्यांत जास्त खराब केलं, तो उठून यांना म्हणाला की राजेश्वरअण्णा, आमचं चुकलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. यांचा हात खिशावर होता, आणि मी मनात म्हणत होते की तो तिथंच राहू दे.

तेवढ्यात छबुबाई उठली. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने सरळ विचारलं की मग कंपनीनं काय उत्तर धाडलं. हे उभेच राहिले. मी यांना सव्वीस वर्षं ओळखते, खोटं बोलायचं असलं की यांना खोकला येतो. यावेळी खोकला आला नाही. हे म्हणाले की ते गेलंच नाही, लिहिणाऱ्याकडून राहून गेलं, आणि लिहिणारा माझा मेव्हणा आहे. मग तुझं पत्र काढून सुंदररावांच्या हातात दिलं.

त्यानंतर तुझ्याविषयी काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. काही खरंही होतं. तू ऐकायला हवं होतंस असं मला वाटलं आणि नव्हतास म्हणून बरंही वाटलं. सगळे बोलून थकले तेव्हा छबुबाई अजून उभीच होती. ती म्हणाली, "राहिलं तर राहिलं. माजी म्हस काय वापस येत न्हाई. पण लिवलेलं हाय ना? मंग आता तरी धाडा."

सभा तिथंच मोडली.

काल सकाळी सुंदरराव येऊन समोरच्या बाकावर बसले. चहा घेतला, पेपर वाचला, गेले. तुझं नाव निघालं नाही. यांनी संध्याकाळी बाक पुसून घेतला.

आपलं माणूस चुकलं तरी आपलंच असतं. पण छबुबाईचं ऐक.

तुझी,
अक्का

———

बीड,
दि. १३ एप्रिल २००३

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. सौ. अक्का आणि ती. दाजी यांस,
महारुद्रचा शि. सा. न. वि. वि.

धाडली. घरचं इंटरनेट बंद आहे, म्हणून शुक्रवारी बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन पाठवली. एक अक्षर बदललं नाही, वर फक्त चार ओळी घातल्या की ही सव्वा वर्षापूर्वी जायला हवी होती, माझ्याकडून राहिली, आणि या मालाने आष्टीत नऊ जनावरं गेली. दोन मिनिटांत ती परत आली. त्या पत्त्यावर आता कुणी नाही. नव्या कंपनीचा पत्ता शोधून तिथं पाठवली, ती परत आली नाही, उत्तरही आलेलं नाही. यावेळी शिव्या देत नाही. वाट पाहतो.

परत आलेलीही मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. केशरने विचारलं, आता ही कशाला? जावक रजिस्टर रद्दीत काढलं होतं ते मी उचलून आणलं. ४१२ ची नोंद खोडली नाही. तिच्यासमोर लाल शाईने लिहिलं, त्या दिवशी गेले नाही, आणि खाली सही केली.

दाजी, तुम्ही आधी एकच कागद काढलात हे अक्काने लिहिलं. तो दुसरा खिशात राहिला असता तरी मला चाललं असतं, हे मी कबूल करतो. तुम्हाला तोंड दाखवायला मी येतोय.

पुढच्या मंगळवारी, बावीस तारखेला, सकाळच्या आष्टी गाडीने निघतो. छबुबाईला ती ई-मेल छापून आणतो आहे, पाठवली तेव्हाची तारीखवेळ तिच्यावर आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवीन, आणि ती जे बोलेल ते उभा राहून ऐकेन. आधी तिच्याकडे जाईन, मग तुमच्याकडे. तिला आधी सांगून ठेवू नका.

रजिस्टर समोर उघडं आहे आणि हाताला सवयीने क्रमांक टाकावासा वाटतोय. आज टाकत नाही. आधी हे पत्र पेटीत टाकून येतो.

तुमचाच,
महारुद्र