तीन गाठींचा पाला

बा, गेल्या महिन्यात मी पुन्हा कॅसलरॉकच्या त्या टेकडीवर चढले. दोन नातवंडं बरोबर होती. गाडी जकातीच्या तपासणीला थांबलेली, पोरं डब्यात बसून किरकिरायला लागलेली, आणि तू आम्हाला म्हणाला होतास तेच माझ्या तोंडून निघालं, "चला रं, इंजिन पाणी पिऊस्तवर रान बघून येऊ." तुला जाऊन वीस पावसाळे झाले असतील. मी पोराच्या पाटीवर बघून बघून लिहायला शिकले, हे तुला ठाऊक नाही. अक्षर अजून गोवऱ्या थापल्यासारखं येतं, तेवढं चालवून घे.

त्या दिवशी आपण तिघं होतो. आये बाळंतपणाला गोव्याकडं माहेरी गेलेली, तिला आणायला निघालो होतो. कुंभारवाड्याहून चालत चालत स्टेशन गाठलं, तर खाली घाटात दरड आलेली, गाडी दुपारशिवाय हलणार नव्हती. मी आठेक वर्षांची, धाकटा तुझ्या खांद्यावर. टेकडी गावाच्या मधोमध. एका अंगाला रेल्वेच्या चाळी, दुसऱ्या अंगाला बाजार, आणि मध्ये दिवसाही दिवा लावावा असं रान. खालून हमालांच्या शिव्या ऐकू येतायत आणि वर शेकरू ओरडतंय, असली ती जागा. गावातलं खरकटं खायला डुकरं तिथं उतरायची, म्हणून एक कुणबी तिथं सापळे लावायचा. तरुण गडी होता, टेकडीच्या पाठीमागं त्याची झोपडी. हे सगळं मला मागून कळलं.

तू आम्हाला रान दाखवलंस ते अजून डोळ्यांसमोर आहे. एका झाडाला दुसऱ्या झाडानं मुळ्यांनी आवळून मारलेलं, आतलं कुजून गेलेलं, बाहेरचं त्याच्याच आकारानं उभं. "बघा, नरडं धरून कसं उभं हाय," म्हणालास. पुढं सापाच्या तोंडात बेडूक, अर्धा आत, अर्धा बाहेर, ओरडतोय. मी काठी घेऊन धावले तर तू माझं मनगट पिळलंस. "त्याचं जेवाण हाय ते. तुझ्या ताटात कुणी काठी घालतंय का?" मग मी एका खोडावरचं फूल ओरबाडलं आणि पाठीत असा धपाटा बसला, की जीभ दातांखाली आली.

"रान काय तुझ्या बाचं हाय?"

"बा तर तूच हायस," मी रडत म्हणाले. तू हसलास, पण बोट रोखलंसच. "आता काय तोडलंस तर हात मोडून ठेवीन."

हात मोडीन. हे बोलणं घरोघरी असतं, त्यात काही विशेष नाही. पण मी ते विसरले नाही, कशामुळं ते सांगते.

धाकट्याच्या पायाला जळवा लागल्या, तू त्याला दगडावर बसवून चुना लावत होतास. मी दहा पावलं पुढं गेले. तिथं खाली उतरणारी एक बारकी वाट फुटत होती आणि तिच्या तोंडाशी, रोपट्याला, पाल्याची जुडी बांधलेली. सालीच्या दोरीनं, तीन गाठी मारून. आपल्या वाडीत पहिल्या भाताची पेंढी घरात आणताना तिला अशीच तीन गाठींची जुडी बांधतात, ती घरात टांगली की बरकत येते. सापळ्याची खूण म्हणून आपल्याकडं सोललेली पांढरी काठी रोवतात. मला तेवढंच माहीत. वाटलं, कुणीतरी बरकत बांधून विसरून गेलंय, आयेच्या पाळण्याला होईल. ती मी सोडली आणि तुझ्या धपाट्याच्या भीतीनं ओच्यात लपवली.

बा, तुला सापळ्याच्या दोन्ही खुणा माहीत होत्या, आपल्याकडची काठी आणि तिथली पाल्याची जुडी. तू तरणा असताना तिथं रुळांच्या कामावर होतास.

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी लवकर सुटतेय म्हणून तू धाकट्याला खांद्यावर टाकलंस आणि त्या बारक्या वाटेशी आलास. मला अजून दिसतंय, तू थांबतोस. वाकतोस. डाव्या हाताच्या झुडपात हात घालून चाचपतोस, मग उजव्या. "मोकळी हाय," म्हणतोस. मी तुझ्या मागं उभी आहे आणि ओच्यातला पाला माझ्या पोटाला टोचतोय.

सात-आठ पावलं गेलास. वाकवलेला बांबू सुटल्याचा आवाज मोठा नसतो, फांदी मोडल्यासारखा असतो. टोकदार काठी तुझ्या मांडीच्या या अंगानं शिरून त्या अंगानं बाहेर आली. तू ओरडला नाहीस आधी. धाकट्याला नीट खाली ठेवलंस आणि मगच पडलास. रक्त उडून माझ्या तोंडावर आलं, ऊन होतं. मग जो तू ओरडलास, त्यानं सगळं रान गप झालं.

पहिला धावत आला तो तोच, सापळेवाला. त्यानं कोयत्यानं काठी दोन्हीकडून छाटली, डोक्याचं फडकं सोडून मांडी आवळली, आणि तुला म्हणाला, "मामा, काठी उपसू नका, उपसली तर जीव जाईल." त्यानं आवळलं म्हणून तू जगलास. मग खालनं माणसं आली. हमाल, दुकानदार, चाळीतली माणसं. त्यांची बायकापोरं त्याच टेकडीवर सरपणाला जायची. पहिली लाथ त्याच्या तोंडावर बसली तेव्हा तो अजून तुझी गाठ आवळत होता.

"खूण का बांधली न्हाईस रं, भाड्या?"

"बांधली व्हती. देवाच्यान् सांगतो. तीन गाठी मारून बांधली व्हती."

दातासकट रक्त थुंकला तो. त्याला दगडावर दाबून धरला आणि एकानं तुला विचारलं, "पाव्हणं, तुमी सांगा. खूण व्हती?"

तू डोळे मिटून होतास. "न्हवती," म्हणालास. "मी हातानं चाचपून बघितली."

खरंच सांगितलंस तू. त्यानं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय म्हणून बघितलं देव जाणे, तिथं मी एकटीच उभी होते म्हणून असेल. कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा त्याच्या उजव्या मनगटावर दोनदा बसला. पहिल्याला तो ओरडला. दुसऱ्याला हाड बाहेर आलं, तेव्हा आवाज नव्हता. माझ्या तोंडात शब्द होता, बा. "हात मोडून ठेवीन" हे कानात होतं आणि समोर हात मोडला होता. मी ओचा दोन्ही मुठींनी दाबून धरला. नंतर तुला हलवायाच्या दुकानात निजवलं, तेव्हा कुणी बघत नाहीसं पाहून मी ती जुडी त्याच्या भट्टीत टाकली. ओली होती, बराच वेळ धुमसली.

तू लंगडा झालास, नांगर सुटला, अंगणात बसून सुपं विणायला लागलास. मला वाटलं, तू त्याला शिव्या देशील. दिल्या नाहीस. एकदा सूप विणता विणता हात थांबवून म्हणालास, "त्यानं माझी मांडी बांधली तवा त्याच्या हाताला सालीचा वास येत व्हता, गं. ताज्या सालीचा. मी नीट चाचपलं न्हाई काय?" मी तेव्हा दोन पोरांची आई होते, तुला पाणी द्यायला आलेले. म्हणाले, "न्हवतीच खूण, बा. मी बी बघितली व्हती." तू मान हलवलीस. पण मरेपर्यंत तू तो उजवा हात मधूनच समोर धरून बघायचास, जसं काही त्यानंच तुला फसवलंय. त्याचा हात मी घालवला आणि तुझ्या हातावरचा तुझा विश्वासही.

गेल्या महिन्यात टेकडीच्या त्याच वाटेवर एक म्हातारा बसलेला. उजवा हात मनगटापासून वाळक्या, वाकड्या लाकडासारखा. डाव्या हातानं आणि दातांनी सालीला गाठ मारत होता. माझी नात जवळ गेली.

"आजोबा, काय करताय?"

"खूण बांधतोय, बाय. पुढं सापळा हाय."

"एका हातानं?"

"एक हात कामाला, एक शोभेला," म्हणून हसला. दात नव्हते. मग तिच्याकडं बघून म्हणाला, "ही सोडू नको हं, कुणाचा तरी जीव जातो." आणि वाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आणखी एक बांधली. मग वर फांदीला तिसरी. एका सापळ्याला तीन खुणा, बा. मी पदरातलं पान काढून त्याला दिलं. त्यानं घेतलं, चुना मागितला, तोही दिला. शिट्टी झाली आणि मी पोरांना ओढत खाली आले.

हे पत्र पेटीत लुगड्याखाली ठेवीन. तुला पोचायचं नाही ते मला कळतं. खरं तर ते त्याला जायला हवं, त्याची झोपडी स्टेशनापासून तासाभराच्या आत आहे. पण त्याला वाचता येत नाही, त्याला तोंडानं सांगावं लागेल. म्हणून मी तुला लिहिलं.