डोळ्यांवर फोकस

४ मार्च, मंगळवार
आलो एकदाचा बदलीवर, वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याला. पुण्याच्या शाखेतल्या मंडळींनी मला असा निरोप दिला की जणू काळ्या पाण्यावर चाललोय. त्यांच्या बुद्धीची झेप कोथरूडपर्यंतच, त्याला कोण काय करणार. मला तर झकास वाटतंय. बँक दोन गल्ल्या पलीकडे आहे. खोली ऐसपैस, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि ऊन भरपूर. घरमालक गोपीचंद खाली दुकान चालवतात. पूर्वी तो फोटो स्टुडिओ होता, आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि आधारकार्डाचे फोटो. पाटीवर मात्र अजून ‘फोटो कलाकार’. असो.

रूपाली पाडव्याला येणार, कायमची. लग्नाला वर्षही झालं नाही आणि निम्मा संसार फोनच्या पडद्यावर झाला. मला तिचा चेहरा समोर बसून बघायचाय. बाकी मानोऱ्यात काय आहे नि काय नाही, याची मला फिकीर नाही.

९ मार्च, रविवार
पहिला रोल संपवला. माझा कॅमेरा नव्वदच्या दशकातला, रोल घालायचा, ऑटोफोकसचा. मोबाइलवाल्यांना कळत नाही हा काय डबा आहे, आणि हाताने रिंग फिरवणारे फिल्मवाले शहाणे याला प्लॅस्टिकचं खेळणं म्हणतात. हे दुसरे जास्त डोक्यात जातात. फोकस लावता लावता माणूस उठून घरी जातो आणि हे बसतात कलेवर प्रवचन देत. माझ्या कॅमेऱ्यात डोळा लावायचा, बटण अर्धं दाबायचं. लेन्स घुर्रकन फिरते, टिक-टिक वाजतं आणि काम झालं. त्यातून या मॉडेलला माझी नजर कळते. आत मी जिकडे बघतो, तिथलाच लाल चौकोन पेटतो आणि तिथेच फोकस बसतो. तीस वर्षांपूर्वी लोकांनी हे केलं आणि मग विसरून गेले. माकडाच्या हाती माणिक.

गोपीचंदांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, यात आपल्या हातचं काय राह्यलं मंग. मी म्हटलं, डोकं. त्यांना ते काही झेपलं नाही.

१६ मार्च, रविवार
आज एक वेगळंच काम केलं. जवळच्या बंजारा तांड्यावरची भुरीबाई नावाची म्हातारी सकाळी गेली. मुलगा हेमसिंग होळीसाठी ऊसतोडीवरून आलेला होता, तो गोपीचंदांकडे आला. आईचा धड एक फोटो नाही, भिंतीवर लावायला हवा. गोपीचंदांना मोतीबिंदू, म्हणून त्यांनी मला पुढे केलं.

वाटेत त्यांनी मला धडे दिले. म्हणे मयताचा फोटो डोळे मिटलेलाच काढायचा, फोकस कपाळावर ठेवायचा, डोळ्यांकडे पाहायचंच नाही. उघडे डोळे मागून छापील फोटोवर ब्रशने रंगवायचे. इकडे कित्येक घरांत असे रंगवलेले डोळे टांगलेत आणि त्यातले निम्मे यांनी काढलेत. काहून, तर म्हणे ब्रशाचे डोये कोनाकडं पाह्यत नाहीत. मला हसू आवरेना. पोर्ट्रेट म्हटलं की डोळ्यांवर फोकस, हे शेंबडं पोरही सांगेल.

म्हातारीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. चेहरा काय होता: कपाळावर गोंदण, गालावर सुरकुत्यांचं जाळं. त्यावर हा मोतीबिंदूवाला बाहुलीचे डोळे चिकटवणार. ते मला सहन होईना. पुण्यात असंच काढतात, अशी थाप मारली आणि दोन अंगठ्यांनी तिच्या पापण्या वर केल्या. हेमसिंगनं मान फिरवली. गोपीचंद बाहेर गेले. मी डोळा लावला, तिच्या डोळ्यांत बघितलं, टिक-टिक. इतक्या पटकन फोकस जिवंत माणसावरही बसत नाही.

नंतर पापण्या मिटायला गेलो तर मिटेनात. सुनेनं ओलं फडकं ठेवलं, तरी नाही. शरीर ताठरतं, त्यात काय एवढं. मी निघून आलो.

१८ मार्च, मंगळवार
न्हाणीघरात रोल धुतला. अप्रतिम. पदर जरा मऊ, कान मऊ, आणि डोळे असे की एकेक पापणी मोजावी. हेमसिंग प्रिंट न्यायला आला. एकदा बघून त्यानं फोटो पालथा घातला आणि गोपीचंदांना म्हणाला, यावर मिटलेले डोये काढून द्या. म्हाताऱ्यानं ब्रश काढून माझ्या फोटोवर पापण्या रंगवल्या. गाढवाला गुळाची चव काय.

जाताना हेमसिंग म्हणाला, मायले तशीच नेली, उघड्या डोयानं.

२१ मार्च, शुक्रवार
नवा रोल बिघडला. एसटी स्टँडवर काढलेले सगळे फोटो वाया. माणसं धूसर, गाडी धूसर. शार्प काय, तर स्टँडच्या पलीकडच्या रस्त्याचा रिकामा तुकडा. तिथल्या हवेतली धूळसुद्धा शार्प. ज्यानं हा कॅमेरा विकला तो नक्की लबाड होता. लेन्स ढिली दिसते.

२३ मार्च, रविवार
कारंज्याला गेलो होतो. गोपीचंदांच्या ओळखीचे फूलचंद व्यापारी धान्याच्या पोत्यांसमोर मोठ्या थाटात उभे राहिले, जणू पोती त्यांनीच पिकवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतोय आणि लाल चौकोन पेटतो शेजारच्या मोकळ्या जागेत. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच. आणि स्टँडवर होती त्यापेक्षा ती जागा जवळ आलेली.

तिथे काहीच नव्हतं. फूलचंदांना वाटलं मला फोटो येत नाही. वाटू दे.

२५ मार्च, मंगळवार
ऑटोफोकस बंद केला. रिंग हाताने धरली, त्या शहाण्यांसारखी. बोटांखालून ती फिरली. बॅटरी काढून टेबलावर ठेवली. तरी घुर्र झालं, तरी टिक-टिक वाजलं. खोलीच्या दारावर फोकस बसला होता, आणि दार उघडंच होतं.

गोपीचंदांना सांगितलं. मी हसतच सांगितलं. ते हसले नाहीत. तुमी पाह्यलं काहून तिच्या डोयात, एवढंच म्हणाले. ज्यानं पाह्यलं त्याच्याकडं येते, आन् त्याच्या डोयात जो पाहीन त्याच्याकडं जाते. मग दुकानाला कुलूप लावून मुलीकडे अकोल्याला गेले. पळपुटा.

कॅमेरा ट्रंकेत घातला. खूप झालं.

२६ मार्च, बुधवार
आज बँकेत कॅशियरचा चेहरा दिसेना. तसा तो चेहरा न दिसल्यानं कुणाचं नुकसान नाही, पण दिसेना. मागचं कॅलेंडर धूसर, फाइल धूसर. माझ्या आणि काउंटरच्या मधली हवा तेवढी शार्प. डोळ्यांच्या आत काहीतरी घुर्रकन फिरतं आणि अडकतं. कॅमेरा ट्रंकेत आहे.

वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं तक्ता वाचायला लावला, एक अक्षर धड दिसेना. मग माझ्या डोळ्यांत न बघताच यंत्रावर नंबर काढला. नजर उत्तम आहे म्हणाला. मूर्ख. तक्त्यासमोर कोण उभं होतं ते त्यानं विचारलंच नाही.

कपाळावर गोंदण होतं.

२८ मार्च, शुक्रवार
रूपालीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. कारण विचारलं तर उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली तिकडे दुसरी कोण आहे का. मी फोन ठेवला. तिला तेच उत्तर वाटलं असणार.

मला भीती वाटतेय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

माझं काय व्हायचं ते होवो. रूपालीनं माझ्या डोळ्यांत बघता कामा नये.

२९ मार्च, शनिवार
तांड्यावर गेलो. हेमसिंगच्या पायावर डोकं ठेवलं — मी, ज्यानं आजवर कुणाला सॉरी म्हटलं नाही. निगेटिव्ह त्याच्यासमोर जाळली. त्यानं राख पायानं मातीत सारली. मग म्हणाला, आमची माय आमच्याकडं नाही राह्यली, तुमी बोलावली. त्याचा आवाज शांत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना ती हातभर अंतरावर. उन्हात. पापण्या हलत नाहीत.

३० मार्च, पाडवा
रूपाली आली. मी दार उघडणार नव्हतो, पण ती बाहेर उन्हात उभी होती, हाका मारत होती. उघडलं.

बांगड्या ऐकल्या. तिनं गाठी आणलीय. तिचा चेहरा — मी एवढी वाट बघितली आणि तिचा चेहरा नुसता पांढरट डाग. मधे ती दुसरी. शार्प.

डोळ्यांना टॉवेल बांधला. रूपालीला सांगितलं डोळ्यांची साथ आलीय, लागण होते. तिनं विश्वास ठेवला. शहाणी माझी.

टॉवेलच्या आतही —

३१ मार्च
टॉवेल काढून लिहितोय. रूपाली खाली काहीतरी आणायला गेलीय, तेवढ्यात. वही नाकाला लावली की मधे तिला जागा उरणार नाही, असं वाटलं होतं. उरते.

अक्षरं दिसत नाहीत. अंदाजाने —

रूपाली, हे तुझ्या हाती लागलं तर आधी हे वाच. माझ्याकडे बघू नकोस. रागाने नाही सांगत. मला तू हवी आहेस, म्हणून —

जिन्यावर पावलं. टॉवेल सापडत नाही. कुठे टाकला —

आली. मी डोळे घट्ट मिटलेत. म्हणते साथबीथ काही नाही, औषध आणलंय, घालू दे. हात झटकतोय. ऐकत नाही. हसतेय. लहान मुलासारखं करतोस म्हणते. गुडघ्यांवर बसलीय समोर. बोटं माझ्या पापणीवर. नको म्हटलं. ओरडून म्हटलं —

उघडला.

हसायची थांबली.

विचारतेय, तुझ्या डोळ्यात ही म्हातारी को