अर्ज बाराच्या आत

अहो,

तुम्ही हाडवैद्याला आणायला गेलात, तेवढ्यात मी शेवगावला निघालेय. शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीचा अर्ज बाराच्या आत भरायचा आणि सही तिथंच, सगळ्यांसमोर करायची. म्हणून तर छगनरावाच्या माणसांनी काल पहारीनं माझं उजवं मनगट ठेचलं. हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. "आता कर सही, बाई!" म्हणून वर हसले मेले. मी पुन्हा निवडून आले नाही, तर मुलींचा आठवीचा वर्ग ते बंदच करतील.

तीन वर्षं छगनराव सभेत माझ्या शेजारी बसला, पण बाई कोणत्या हातानं सही करते ते त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला कुठला मास्तर होता, डाव्या हातावर छड्या मारायला? पोरांच्या पाटीवर आपली आपण शिकले, ती डाव्यानंच.

कुऱ्हाड शोधू नका, विहिरीत टाकलीय. त्याचं डोकं फोडून तुम्ही तुरुंगात गेलात, तर माझी वेणी कोण घालणार?

भाकरी टोपलीत आहेत, आकाराला हसू नका. वैद्याला थांबवून ठेवा. काल त्यांच्यापुढं ओरडले नाही, ते आज तुमच्यापुढं ओरडेन.

रतन