परत टाकलेलं वचन

मिरज, शुक्रवार

प्रिय मार्थाअक्का,

तुम्हाला आणि घरच्या साऱ्यांना तुमच्या शांतवनचा प्रभूत सलाम.

फोनवर तुम्ही रडता, म्हणून कागद घेतलाय. इथं दवाखाना स्वच्छ आहे, तुमची भावजय रिबेका वेळेवर खिचडी भरवते. माझ्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार कोण भरतंय? शेळी व्याली का?

डॉक्टर माझ्यासमोर हसून बोलतात. पण माझे कान तुम्हाला ठाऊक; आवाजावरून मोटारीचा बिघाड सांगणारा माणूस मी. काल पडद्याआड ते रिबेकाला म्हणाले, "आता औषध लागू पडत नाही. घरी न्या." मी ऐकलं, हे तिला कळू देऊ नका.

अक्का, नव्या वर्षाच्या उपासनेत तुम्ही माझ्या नावानं टोपलीतून बायबलातल्या वचनाची चिठ्ठी काढलीत, वर्षभरासाठी देवाचा शब्द म्हणून. अंधाऱ्या दरीतही देव सोबत चालेल, असं तुम्ही ओठातल्या ओठात वाचलंत आणि ती गुपचूप टोपलीत टाकून दीर्घायुष्याची उचललीत. मागून पाळकबाई कुजबुजल्या, "मार्थाबाई, वचनं हायत ती, वांगी न्हायत निवडून घ्यायला." मी लई हसलो होतो.

आता भीती एवढीच, की माझ्यामागं तुम्ही देवाला खोटं ठरवाल आणि देवळात जाणं सोडाल. तसं करू नका. दीर्घायुष्य त्यानं मला कबूल केलंच नव्हतं. सोबत कबूल केली होती. काल डॉक्टर गेल्यावर रिबेका बाहेर रडत होती, मी आत एकटाच होतो. घाबरलो, अक्का, पण एकटं वाटलं नाही.

तुमचा धाकटा,
शांतवन