मशिदीच्या भोंग्यावरचं माझं मरण

तुकिरानदादा,

मी जिवंत आहे. गावाला मशिदीच्या भोंग्यावरून तू उलटं सांगितलंस, म्हणून हे आधी.

डॉक्टर म्हणतात, मेंदूतली गाठ ओढताना एक नस ताणली गेली आणि हृदय थांबलं. त्यांनी हात मागे घेताच ते पुन्हा सुरू झालं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "हृदय थांबलं होतं, पण..." तो 'पण' ऐकायला तू थांबलाच नाहीस. मोटारसायकल काढून थेट गाव गाठलंस. माझ्या बायकोचा, लस्मीचा फोन पोचेपर्यंत माझी कबरसुद्धा खणून झाली होती.

शेजारच्या वागिमने तुझी घोषणा रेकॉर्ड केली होती. खाटेशी बसून त्याने ती ऐकवली. "ऐक लेका, स्वतःच्या मयताला हजर राहणारा तू पहिलाच!"

मयताच्या रिवाजाप्रमाणे तू माझ्या वतीने गावाची माफी मागितलीस. इथवर ठीक. पण पुढे म्हणालास, "मीही त्याला सगळं माफ केलंय."

तू? मला? बाबांची बाजारातली, काडीला मांस टोचून साते भाजायची जागा बळकावून मला हातगाडीवर धाडणारा तू? ते बोलताना तुझा आवाज चिरकला, तेही ऐकलं मी. नाटक असेल तर झकास जमलं. नसेल तर जास्तच राग येतो.

हे पत्र धाडणार नाही. तू तेही भोंग्यावर वाचशील. पण ती माफी परत घे, आणि घरी येऊन माझी माग. येताना साते आणू नकोस. तुझी अजून करपते.

अजून न पुरलेला तुझा धाकटा,
पार्दियो