आठव्या नावाचं पाणी

९ सप्टें., मंगळ
दुबईत अंगाला चटके, इथे युरोपात सकाळी स्वेटर. एका हॉटेलवाल्याला या जुन्या गावातला चौक तिकडे हुबेहूब हवाय. कृत्रिम दगड ओतणारा फोरमन मी, म्हणून कंपनीने पाठवलं. फरशांचे रबरी ठसे घ्यायचे. चौकाच्या मधोमध काळी फरशी, वर नावं कोरलेली. बूट घालून तिच्यावरच उभा होतो. इंजिनियर जोसेफ म्हणाला, "लड़ाई में सात आदमी को इधर ही गोली मारा. बॉडी किधर गया, किसी को मालूम नहीं."
झटकन खाली वाकलो. फरशीला हात, मग कपाळाला. पण पाय लागायचा तो लागलाच.

१० सप्टें.
काळ्या फरशीचा ठसा घेतला. रबर सोलताना कातडी सोलल्यासारखं वाटलं. दिवसभर मागे कुणी उभं असल्याचा भास. चारदा वळून पाहिलं. कबुतरं.
पितृपक्षात नेमका इथे. आबा शेवटची ओंजळ 'ज्यांचं कुणी नाही' त्यांना द्यायचे.

११ सप्टें., गुरु
आज आबांची पंचमी. सुमनने बॅगेत काळे तीळ बांधून दिले होते. उजाडताच चौकात गेलो, झाडूवाले यायच्या आत. बूट काढले, दक्षिणेला तोंड. आधी आबांना पाणी. मग त्या फरशीवर, एकेका नावावर बोट ठेवून, अक्षरं लावत, प्रत्येकाला एक ओंजळ. गोत्र माहीत नाही, म्हणून काश्यप म्हटलं. भास थांबला. पोटभर न्याहारी केली.

१२ सप्टें.
फरशा बसवणारा इथला जुना पाथरवट सांधे दाखवायला येणार होता. आला नाही. आजारी म्हणे. काम उरकलं.

१४ सप्टें., रवि
कालच दुबईला परतलो. आज सुट्टी, तरी अल क्वोजच्या वर्कशॉपात ठसे उलगडले. दाऊदभाई रत्नागिरीचे, साच्यांच्या विभागात माझ्याआधीपासून. चष्मा वर सारून म्हणाले, "सात मेले म्हणतोस, मग नावं आठ कशी रे?"
मी मोजलीच नव्हती.
जोसेफला फोन केला. तो हसला. "आठवाँ? वो तो बनाने वाला है. बुड्ढा. नाम कोने में डाला. वही, जो बीमार पड़ गया."
"कबसे बीमार?"
"गुरुवार से."

१५ सप्टें.
जिवंत माणसाला तिलांजली दिली. माझ्यासारख्याच, दगडात हात घालणाऱ्याला.
सुमनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, जिवंत माणूस मेल्याची अफवा उठली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात ना?"
"अफवा नव्हती गं. पाणी दिलं मी."
"मग देवापाशी बसा. मला काय विचारता!"

१७ सप्टें.
जोसेफला विनवलं, त्या गावच्या ऑफिसला मेल टाक, म्हाताऱ्याची तब्येत विचार. "मेरे को पागल समझेंगे, भाई." पण टाकला.
ओतकाम आज सुरू व्हायला हवं होतं. 'मिश्रण नीट नाही' असं खोटं सांगून थांबवलं. दाऊदभाईंना कळलं. जाताना एवढंच, "दुवा मागतो मीपण. नाव काय त्याचं?"
नाव सांगताना जीभ अडखळली. मागच्या वेळी कशासाठी उच्चारलं होतं ते आठवून.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
गच्चीत घास ठेवला. कावळा लगेच शिवला. आबांना पाणी दिलं, पण पुढे 'ज्यांचं कुणी नाही' म्हणताना ओंजळ तशीच राहिली. समोर एक हात पसरलेला. सुरकुत्या, बोटांच्या खाचांत दगडाची भुकटी. मी देत नव्हतो, तो मागे घेत नव्हता. उन्हात उभा राहिलो. शेवटी पाणी बोटांतून गळून गेलं. कुणाला पोचलं?

२३ सप्टें., मंगळ
जोसेफ रुवैसला साइटवर. दुपारी तिथून मेल पुढे पाठवला, खाली त्याची ओळ: "जवाब आ गया. उनकी भाषा में है. मोबाइल में ट्रांसलेट दबाओ, खलास."
पहिल्या ओळीत ते नाव. बाकी चार ओळी. चारांत काय मावत नाही?
दाऊदभाई म्हणाले, "दाब ना!"
म्हटलं, थांबा. नळावर हातपाय धुतले. पूर्वेला तोंड केलं. कळायच्या आत, तो माझ्यापुरता जिवंत आहे तोवर, त्याच्यासाठी आयुष्य मागितलं. नावानिशी. या वेळी गोत्र लावलं नाही.
दाऊदभाई मोबाइल हातात धरून उभेच आहेत. वही मिटतो.